राक्षस शेवटी येतो : एका संगणक-खेळातील अर्थकारण आणि तापीकाठचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला घरी गेलो होतो. आमचे घर पांडेसऱ्यात आहे. पांडेसरा म्हणजे औद्योगिक वसाहत. कापड रंगवण्याच्या आणि छपाईच्या मिला, त्यांची धुराडी आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या गल्ल्या. या गल्ल्यांतून सकाळच्या पाळीच्या वेळी उडिया, हिंदी, गुजराती, मराठी आणि अहिराणी अशा पाच भाषा कानी पडतात. आमच्या घरात सहावीही आहे. वडील शहादा तालुक्यातले, तर आईचे माहेर अक्कलकोटकडचे; त्यामुळे आई आमच्याशी कन्नडमध्ये बोलते. मी मात्र शिकलो तो महानगरपालिकेच्या मराठी शाळेत.

शेजारच्या मित्राने एक जुना संगणक विकत घेतला आहे. त्याच्यावर आम्ही रात्री 'द विचर ३' नावाचा खेळ खेळत होतो. एके रात्री पाळी संपवून वडील मला जेवायला बोलवायला आले. पडद्यावर एक नदी होती, नदीवर पूल होता, पुलावर शिपाई उभे होते आणि अलीकडे गाठोडी घेतलेली माणसे ताटकळत बसली होती. वडील दारातच थांबले.

"हे लोक का बसलेत?"

"पलीकडच्या शहरात जायला पास लागतो, बाबा."

"मग पास कुठं मिळतो?"

"खोटा पास विकत मिळतो."

वडील थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यांनी आपलंच चित्र काढलंय की!" एवढे बोलून ते घरी गेले. त्यांचे ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. सोलापुरात परत आल्यावर ग्रंथालयात बसून सुरत आणि खानदेश यांचा सतराव्या शतकातील इतिहास वाचू लागलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. माझा मुद्दा एकच आहे. या खेळात राक्षस पुष्कळ आहेत. पण माणसे मरतात ती आधी धान्य, नाणे आणि नाका या तीन गोष्टींनी. राक्षस शेवटी येतो. इतिहासातही हाच क्रम दिसतो.

खेळाची ओळख

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने तो मे २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. आंद्रेई सापकोव्हस्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांवर तो बेतला आहे. अशा काळोख्या अद्भुतकथांना 'डार्क फँटसी' म्हणतात. नायक गेराल्ट हा 'विचर' आहे. विचर म्हणजे मोबदला घेऊन राक्षस मारणारा कसबी माणूस. गावच्या फळ्यावर कामाची सूचना लागते, तो जातो, घासाघीस करून मजुरी ठरवतो आणि मगच तलवार उपसतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा नायक आवडावा यात नवल नाही!

कथेची पार्श्वभूमी युद्धाची आहे. दक्षिणेकडचे निल्फगार्ड साम्राज्य उत्तरेच्या राज्यांवर चालून आले आहे. टेमेरिया पडले आहे. रेडानियाचा राजा रॅडोव्हिड अजून लढतो आहे. दोन सैन्यांच्या मध्ये वेलेन नावाचा दलदलीचा मुलूख उजाड पडला आहे. तिथे लोक उपाशी आहेत. पाँटार नदीपलीकडे नोव्हिग्राड हे श्रीमंत, स्वतंत्र बंदर आहे. तिथे बाजार आहे, पेढ्या आहेत, भरलेली गोदामे आहेत. रणभूमीवर प्रेते पडली की ती खायला 'घूल' नावाचे राक्षस जमतात, असे या खेळात पदोपदी दिसते. म्हणजे घूल हे युद्धाचे कारण नव्हे, ते युद्धाचे फळ आहे.

धान्य आणि छावणी

खेळाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. निल्फगार्डचा एक सेनानी गावच्या माणसाला बोलावून सैन्यासाठी धान्य मागतो. तो आरडाओरडा करीत नाही. आपणही शेतकरीच, असे सांगतो. आणि गावकरी जेवढे देता येईल म्हणतो त्याहून थोडे कमीच मागतो. पाहणाऱ्याला वाटते, माणूस भला आहे. पुढे धान्य येते ते कुजके निघते, आणि तोच सेनानी त्याच गावकऱ्याला फटके मारवतो. सेनानी चांगला की वाईट, हा येथे प्रश्नच नाही. सैन्याला खायला लागते आणि ते आसपासच्या गावांतूनच यायचे असते, हा खरा प्रश्न आहे.

आता आपल्याकडे वळू. १६३० साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. १६३१ मध्ये तो इतका पडला की उभे पीक गेले. १६३० ते १६३२ हा दुष्काळ गुजरातच्या इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक मानला जातो. नेमक्या याच काळात बादशहा शाहजहान निजामशाहीच्या आणि खानजहान लोदीच्या मोहिमेसाठी खानदेशात, तापीकाठी बऱ्हाणपूरला तळ देऊन होता. बेगम मुमताज महल हिचा मृत्यू जून १६३१ मध्ये याच बऱ्हाणपुरात झाला. ताजमहालाची गोष्ट आपण सर्वांनी वाचलेली असते. पण त्याच वर्षी त्याच नदीच्या काठी किती माणसे मेली, हे आपल्याला ठाऊक नसते.

पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला. त्याची वाट व्यारा, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर अशी बऱ्हाणपूरकडे जाणारी. त्याने रोजनिशी ठेवली होती. वाटेवर पडलेली प्रेते आणि मुले विकणारे आईबाप यांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. मी ती गावांची नावे वाचली आणि थबकलो. सुट्टीत घरून गावी जाताना आमची एसटी याच गावांच्या आसपासून जाते.

आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारील, देशात धान्यच नव्हते काय? माळव्यात होते. ते बैलांवर लादून बंजाऱ्यांचे तांडे चालवीत होते. एकेका तांड्यात हजारो बैल असत; मंडीने पुढे १६३२ मध्ये चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याचे नमूद केले आहे. परंतु बैलाला वाटेवर चारा आणि पाणी लागते. ओसाड मुलखातून तांडा पुढे न्यावा तर बैलच मरायचे. आणि वाटेत बऱ्हाणपूरला बादशाही छावणी होती, जिच्या हाती रोख पैसा होता आणि सत्ताही होती. तेव्हा धान्य कोठे थांबणार हे उघड आहे.

बादशहाने मदत केली नाही असे मात्र नाही. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत भागात अन्नछत्रे उघडली. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवार मिळून एक लाख रुपये वाटले. अहमदाबादसाठी पन्नास हजार दिले आणि सुमारे सत्तर लाख रुपयांचा सारा माफ केला. लहान आकडा नव्हे. पण ज्याला रुपया मिळाला त्याला बाजारात धान्य मिळायला हवे ना? आणि सारामाफीचा उपयोग शेतात पीक असणाऱ्याला. त्या सेनानीसारखेच येथेही आहे : हात दयाळू, पण व्यवस्था तीच.

योगायोग असा की याच सुमारास युरोपातही तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८) चालू होते. जुलै १६३० मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ बाल्टिक किनाऱ्यावर पोमेरानियात उतरला. त्या युद्धातील सेनापतींनी सैन्याचा खर्च व्यापलेल्या मुलखावर खंडणी बसवूनच भागवला. खेळातील वेलेन पाहताना युरोपच्या वाचकाला तो मुलूख आठवत असेल. आपल्याला खानदेश आठवायला हरकत नसावी.

नाणे आणि बट्टा

या खेळाची दुसरी गंमत नाण्यांची. गेराल्टच्या पिशवीत तीन प्रकारची नाणी जमतात : नोव्हिग्राडचे क्राउन, टेमेरियाचे ओरेन आणि निल्फगार्डचे फ्लोरेन. दुकानात चालतो तो फक्त क्राउन. बाकीची नाणी नोव्हिग्राडच्या चौकात व्हिव्हाल्दी नावाच्या बुटक्यांच्या पेढीवर नेऊन बदलावी लागतात. मुलांना हा नसता खटाटोप वाटतो. मला मात्र हा सगळ्या खेळातील सर्वांत खरा भाग वाटला.

सतराव्या शतकातील सुरतेच्या बाजारात हाच प्रकार होता. एक बादशाही रुपया आणि दुसरी महमुदी. महमुदी हे चांदीचे लहान नाणे. सव्वादोन ते अडीच महमुदींचा एक रुपया होई. हे नाणे पाडले जाई ते आपल्या नाशिक जिल्ह्यातील मुल्हेरला, बागलाणच्या राजाच्या टांकसाळीत. १६३८ मध्ये मोगलांनी बागलाण घेतले आणि त्या नाण्याचा आधारच गेला. राज्य पडले की त्याचे नाणे मोडीच्या भावाकडे सरकते. पडलेल्या टेमेरियाच्या ओरेनची कथा वेगळी नाही.

बरे, रुपयासुद्धा एक नव्हता. चालू वर्षी पाडलेला तो 'सिक्का'. त्याला पूर्ण भाव. त्याच बादशहाच्या मागील वर्षांचा तो 'चलनी', आणि आधीच्या बादशहांचा तो 'खजाना'. यांवर सराफ बट्टा कापी, चांदी तितकीच असली तरी. परदेशी व्यापारी जहाजांतून चांदी आणत; ती सुरतेच्या टांकसाळीत द्यायची आणि टांकसाळीचे शुल्क भरून रुपये घ्यायचे, अशी पद्धत होती. मोठ्या व्यापाऱ्याला बट्ट्याची चिंता नसे. त्याची हुंडी सुरतेहून बऱ्हाणपूरला, आग्र्याला चाले. वीरजी व्होरा या सुरतेच्या सावकाराकडून तर खुद्द इंग्रज कंपनी कर्ज घेत असे. बट्टा बसे तो ज्याच्या मुठीत चारच नाणी आहेत आणि ती आजच मोडायची आहेत, त्याला.

आज नाणे एक आहे. बट्टा गेलेला नाही, त्याने नाव बदलले आहे. आमच्या गल्लीतील पुष्कळ कामगारांना पगार ठेकेदाराच्या हातून मिळतो. आधी घेतलेली उचल त्यातून कापली जाते. गावी पैसे पाठवायचे तर दुकानदार शेकड्यावर आपले काढून घेतो. मोठ्या व्यापाऱ्यांचे हिरे आणि रोकड नेणाऱ्या आंगडियांची पेढी सुरतेत हुंडीच्याच विश्वासावर चालते. विश्वास श्रीमंताला स्वस्त पडतो आणि गरिबाला महाग, हा जुन्या सुरतेचा धडा अजून शिळा झालेला नाही.

नाका आणि परवाना

आता त्या पुलाकडे येतो. खेळात पाँटार नदी ओलांडायला परवाना लागतो. गेराल्टला तो दोन प्रकारे मिळू शकतो : वेलेनच्या सरदाराचे काम करून त्याच्याकडून, किंवा पैसे मोजून खोटा. ज्याच्याकडे ना ओळख ना पैसा, तो पुलाखाली बसतो. नदीपलीकडे धान्य आहे हे त्याला दिसत असते.

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. मिला बंद पडल्या. वडिलांच्या ठेकेदाराकडे बावीस दिवसांची मजुरी होती. त्याने फोन उचलणे बंद केले. पांडेसऱ्यातील कामगार गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले, ते सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. मे महिन्यात वडिलांनी एका माणसाकडून माणशी पाचशे रुपये देऊन पास काढून घेतला. आम्ही सहा कुटुंबे एका टेंपोतून निघालो. सीमेवरच्या एका नाक्यावर पास तपासला, तर त्यावर तालुका भलताच. टेंपो परत गेला. आम्ही दोन रात्री रस्त्याच्या कडेला निंबाखाली काढल्या. जवळच्या वस्तीवरील एका म्हातारीने भाकरी आणि ठेचा आणून दिला. पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाक्यावरची माणसे बदलली आणि त्यांनी आम्हाला हात हलवून जाऊ दिले. कागद तोच होता.

गावी पोचल्यावर कोणी काही विचारले नाही. आजीने पाय धुवायला पाणी दिले. पण वडील पुढे कितीतरी दिवस एकच वाक्य बोलत : "कागद मी नीट वाचायला पाहिजे होता." त्यानंतरच आईने मला शिक्षणासाठी येथे मामांकडे ठेवले. मी या महाविद्यालयात आलो तो असा.

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. आम्ही लहानपणी एका फलाटावर दोन राज्यांत उड्या मारत असू. सीमा ही अशी खेळण्याचीही वस्तू असते आणि माणूस अडवण्याचीही. ती कधी काय होईल, हे ठरवणे आपल्या हाती नसते.

साम्य कोठे संपते

अभ्यास म्हटला की दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हा खेळ करणाऱ्यांनी सुरत किंवा खानदेश डोळ्यांपुढे ठेवले होते असे मी म्हणत नाही. युद्ध, बंदर आणि उपाशी मुलूख एकत्र आले की जगात कोठेही सारखेच काही घडते, एवढेच म्हणायचे आहे.

शिवाय खेळात अर्थशास्त्राच्या चुका आहेत. उपासमारीच्या वेलेनमध्येही गेराल्टला खाणावळीत अन्न विकत मिळते, आणि त्याचा भाव आभाळाला भिडत नाही. खऱ्या दुष्काळात पहिली बातमी भावाचीच असते. एक गोष्ट मात्र खेळाने बरोबर साधली आहे : खेड्यातल्या दुकानदाराकडची रोकड संपते. तुमच्याकडे विकायला कितीही माल असो, समोरच्याकडे नाणेच नसेल तर व्यवहार थांबतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमर्त्य सेन यांनी हेच तत्त्व मांडले. दुष्काळ समजून घ्यायचा तर देशात धान्य किती, एवढेच विचारून भागत नाही. ते मिळवण्याची ताकद कोणाकडे उरली, हे विचारावे लागते. १६३० मध्ये पीक खरोखरच बुडाले होते. तरीही कोण आधी मेले हे पावसाने ठरवले नाही.

आणि कोण आधी मेले? शेतमजूर आणि विणकर. दुष्काळानंतर गुजरातेत विणकर इतके कमी उरले की इंग्रज आणि डच कंपन्यांना कापडासाठी कोरोमंडल किनाऱ्यासारख्या इतर ठिकाणी धाव घ्यावी लागली. सुरत शहर मात्र सावरले. इतके की १६६४ मध्ये शिवाजी महाराजांना तेथे मोठी संपत्ती मिळाली. शाळेत आम्ही तो धडा अभिमानाने वाचला. पण शहराची तिजोरी भरली म्हणजे विणकराची पोकळी भरली असे नव्हे. ती भरायला नवी माणसे यावी लागतात. आज पांडेसऱ्यात ती ओडिशातून, उत्तर प्रदेशातून आणि माझ्या वडिलांसारखी खानदेशातून आलेली आहेत.

समारोप

गेराल्ट राक्षस मारतो तेव्हा गाव त्याला पैसे देते आणि सुटकेचा निःश्वास टाकते. पण दुसऱ्या दिवशी छावणी तेथेच असते, बट्टा तोच असतो आणि पुलावरचे शिपाईही तेच असतात. म्हणून वेलेनमध्ये राक्षस कधी संपत नाहीत. खेळणाऱ्याच्या हे लक्षात येते की नाही, सांगता येत नाही. इतिहास वाचणाऱ्याच्या मात्र यायला हवे.

हा लेख लिहून झाल्यावर मी फोनवरून वडिलांना त्यातला मंडीचा भाग सांगितला; व्यारा, नंदुरबार, शिंदखेडा ही नावेही सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "त्या लोकांकडे कागद होता?"

मी म्हणालो, "नाही बाबा. त्या वेळी कागदाचा प्रश्नच नव्हता."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कागद नीट वाचला असता तरी..." आणि वाक्य अर्धेच सोडून त्यांनी माझ्या परीक्षेची तारीख विचारली. पाच वर्षांत ते वाक्य त्यांनी प्रथमच अर्धे सोडले. माझ्या अभ्यासाचे चीज झाले असे मी समजतो.